पाच मिनिटांवर माथा

बान मुन्शिक माणूस म्हणून चांगला आहे, असं सगळे म्हणत. ज्याच्याबद्दल बोलण्यासारखं दुसरं काही नसतं त्याच्याबद्दल लोक एवढंच म्हणतात. मीही पंचवीस वर्षं तेच म्हणत आलो.

लिफ्टचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघं एकाच दिवशी लागलो. प्रशिक्षणाच्या वसतिगृहात आमच्या गाद्या शेजारी शेजारी होत्या. तो बुटका, कमरेला रुंद, कान मोठे. घोरायचा आणि सकाळी उठून आजूबाजूच्या सगळ्यांची माफी मागायचा. मला तेव्हाच कळलं होतं की हा फार वर चढणार नाही. माझी मात्र चढण्याची घाई होती. नोकरीच्या चौदाव्या वर्षी मी विभागप्रमुख झालो आणि तो माझ्या हाताखाली उपप्रमुख. ज्या दिवशी पत्र आलं त्या दिवशी सकाळी तो मला "अरे जोंगदे" म्हणाला होता, दुपारी "ह्योन साहेब, अभिनंदन" म्हणाला. जीभ कुठेही अडखळली नाही. मला बरं वाटलं, आणि थोडा रागही आला. एवढ्या सहज साहेब म्हणणाऱ्या माणसाचा राग येतो.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही डोंगरावर जायचो. सोलच्या उत्तरेला, बस जिथे संपते तिथला डोंगर. खाली ओकची झाडं, मध्ये पाइन, वर नुसता उघडा कातळ. तिथे हुद्दा चालत नसे. बसमधून उतरलं की मी पुन्हा जोंगदे. ऑफिसचा शब्द काढायचा नाही हा नियम मुन्शिकनेच घातला होता आणि बावीस वर्षं दोघांनी पाळला. त्याच्या पाठीवर कायम दोघांच्या वाटचं ओझं. त्याच्या बायकोने पहाटे उठून समुद्रशेवाळाच्या पानात भात भरून केलेल्या किंबापच्या गुंडाळ्या, उकडलेली अंडी, सोललेल्या काकड्या, माक्गोलीची, म्हणजे तांदळाच्या दारूची, बाटली. माझी बायको मला पाण्याची बाटली देई, तीही आदल्या दिवशीची.

ऑफिसात त्याला "पाच मिनिटं" म्हणत. त्याचं कारण डोंगरच. आमच्याकडे चढणारा उतरणाऱ्याला विचारतोच, अजून किती राहिलं. आणि उतरणारा सांगतोच, झालं, आलंच. खरं अंतर कोणी सांगत नाही. सांगितलं तर निम्मे लोक तिथूनच मागे फिरतील आणि पायथ्याच्या धिरड्यांच्या दुकानांत बसतील. पण बाकीचे हे तोंडदेखलं बोलतात, मुन्शिक मनापासून बोलायचा. दीड तासाची चढण उरलेल्या म्हातारीसमोर उभा राहून, तिच्या हातात काकडी ठेवून, "आलंच आजी, फक्त पाच मिनिटं" असं तो इतक्या खात्रीने सांगे की मलाही क्षणभर वाटे, माथा सरकून खाली आला असावा. एकदा एका आजोबांनी त्याला महिन्याभराने ओळखलं आणि काठी उगारून म्हणाले, "तूच तो पाच मिनिटांवाला." मुन्शिक हसत म्हणाला, "पण पोचलात ना आजोबा?" पोचले होते, त्याला ते काय करणार.

हीच त्याची रीत सगळीकडे. बोरामला, त्याच्या एकुलत्या एक मुलीला, कॉलेजात जागा मिळेना तेव्हा दोन वर्षं तो घरात सांगत होता, आलंच. स्वतःच्या बढतीबद्दल दहा वर्षं सांगत होता, आलंच. नव्याने लागलेली पोरं रडकुंडीला आली की त्यांच्या टेबलाशी जाऊन तेच. आम्ही मागून हसायचो. मी सगळ्यात मोठ्याने हसायचो, कारण मी साहेब होतो आणि माझ्या हसण्यावर बाकीच्यांचं हसणं ठरे.

त्या वर्षी वसंतात संचालक मेंग यांनी मला बोलावलं. प्रत्येक विभागातून एक स्वेच्छानिवृत्ती हवी होती. मेंग साहेब फार मऊ बोलतात. म्हणाले, "तुमच्या विभागात पन्नाशीच्या पुढे दोघंच आहेत. एक तुम्ही. स्वेच्छा कोणाची आहे ते तुम्हीच बघा." मी बाहेर आलो आणि त्याच दुपारी मुन्शिकचं टेबल फिरवायला सांगितलं. तोंड भिंतीकडे, पाठ सगळ्या विभागाकडे. फोन काढून घेतला. काम बंद केलं. सकाळी नऊला यायचं, सहापर्यंत भिंत बघायची. हे काही माझं डोकं नव्हे, असंच करतात. बहुतेक माणसं तीन आठवड्यांत सही करून मोकळी होतात.

मुन्शिक पाच महिने बसला. दोनदा मी त्याला निवृत्तीचा अर्ज दिला, दोनदा त्याने दोन्ही हातांनी धरून अदबीने परत केला. "ऑक्टोबरपर्यंत साहेब. तिसऱ्या शनिवारी बोरामचं लग्न आहे. सोमवारी मी आपण होऊन सही करतो."

त्याचं म्हणणं मला कळत नव्हतं असं नाही. बाप नोकरीत असला की लग्नाच्या हॉलच्या दाराशी फुलांचे तीन मजली मनोरे उभे राहतात, प्रत्येकावर लांब फीत, फितीवर पाठवणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. कंपनीच्या अध्यक्षांच्या नावाचा मनोरा फक्त चालू नोकरीतल्या माणसाला येतो. विभागातले लोक रांगेने येतात, वाकतात, फोटोत उभे राहतात. नोकरी गेली की भिंत उघडी पडते, आणि व्याही ती उघडी भिंत बघतात. बोरामचे होणारे सासरे एका हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. त्यांच्याकडचे मनोरे दाराबाहेर जिन्यापर्यंत जाणार होते. मुन्शिकला स्वतःच्या बाजूला एक हवा होता. त्या एका मनोऱ्यासाठी तो भिंत बघत बसला होता.

सप्टेंबर लागला तसा मेंग साहेबांचा आवाज आणखी मऊ झाला. "दुसरा शनिवार येतोय ना? तुम्ही दोघं डोंगरावर जाता असं ऐकलंय. छान. दमलेला माणूस हट्ट धरत नाही. सोमवारी सकाळी मला एक कागद द्या. कोणाचा ते मी विचारणार नाही."

मी अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत घातला. शिक्क्याच्या लाल शाईची डबी जाकिटाच्या खिशात ठेवली, कारण आमच्याकडे सहीशेजारी स्वतःच्या नावाचा शिक्का लागतो, आणि डोंगरावर कोणी आपला शिक्का घेऊन येत नाही, पण अंगठा प्रत्येकाजवळ असतो. हे मी शुक्रवारी शांतपणे बसून ठरवलं होतं. जेवलोही नीट.

शनिवारी मुन्शिक बसथांब्यावर माझ्या आधी हजर होता. पोपटी जाकीट, डाव्या गुडघ्याला पट्टा. पाच महिने एका जागी बसून त्याचा गुडघा धरला होता. "आज पायऱ्यांनी जाऊ या का रे?" म्हणाला. पायऱ्यांची वाट लांब पण सोपी, लाकडी फळ्यांची, बायका गप्पा मारत चढतात. मी म्हटलं, पायऱ्यांवर गर्दी असेल, आपण झऱ्यापर्यंत जाऊ आणि मग बघू. त्याने मान हलवली. आयुष्यभर तो मान हलवत आला.

झऱ्यापर्यंत जंगलातली वाट आहे. मुळं वर आलेली, दगड सुटे, पण सावली चांगली. तो गप्पा मारत होता. बोरामची आई कोरियन पोशाखाचं माप देऊन आली, रंग फिका निळा. लग्नात मुलीला हाताला धरून चालायचं असतं, त्याची तो घरात फरशीच्या रेघांवरून सवय करतो. "लंगडलो तर फोटोत दिसेल ना रे." झऱ्यावर त्याने वाडग्याने पाणी घेतलं, आधी मला दिलं, मग स्वतः प्यायला आणि दगडावर बसून गुडघा चोळू लागला.

"जोंगदे, आज इथूनच फिरू या. लग्नाला पाच आठवडे राहिलेत. उगाच काही झालं तर."

झऱ्यापासून दोन वाटा फुटतात. उजवीकडे पायऱ्या, डावीकडे कातळाची वाट, जिथे लोखंडी दोर धरून चढावं लागतं. मी डावीकडे बघत म्हणालो, "चल रे. पाच मिनिटं तर राहिलीत."

तो हसला. त्याचंच वाक्य मी पहिल्यांदा त्याला म्हटलं होतं. त्याला वाटलं मी माया करतोय. उठला आणि माझ्यामागे डावीकडे वळला.

एक तास चाळीस मिनिटं लागली. घड्याळ मी बघत होतो, तो बघत नसावा असं मला वाटलं. पहिल्या दोराला तो दोन्ही हातांनी लोंबकळला आणि उजवा पाय आधी टाकून डावा ओढत आणू लागला. दर दहा पावलांवर थांबे. त्याचा श्वास मला वरून ऐकू येत होता. दुसऱ्या दोरापाशी मी हात दिला नाही. पुढे जाऊन कातळावर बसलो आणि तो चढताना बघत राहिलो. चेहरा लाल, कपाळावरचा पट्टा भिजलेला, तोंडाने म्हणत होता, आलंच, आलंच. वरून उतरणाऱ्या दोन बायका त्याच्यासाठी बाजूला झाल्या. त्यांच्यातल्या एकीने त्याला विचारलंही, दादा, बरं वाटत नाहीये का. तो म्हणाला, माझा मित्र वर थांबलाय. मला त्याची कीव आली का? आली. पण कीव येऊनही माणूस जागचा उठत नाही, हे मी त्या दिवशी स्वतःपुरतं पाहिलं.

माथ्याच्या दगडाखाली वीसेक पावलांवर एक सपाट कातळ आहे. आमची जेवायची जागा. तो तिथे येऊन आडवाच झाला. काही वेळाने उठला, पिशवी उघडली, रुमाल पसरला आणि किंबाप मांडून आधी माझ्यासमोर सरकवले. मी त्याच रुमालावर, किंबापच्या शेजारी, अर्ज ठेवला.

त्याने हात पुसले आणि तो वाचला. मग म्हणाला, "डोंगरावर ऑफिस नाही, असं होतं ना आपलं?"

मी सांगितलं की सोमवारी एक कागद गेला नाही तर दोघांनाही काढतील. हे खोटं होतं. एकच जाणार होता. मी सांगितलं की माझा मुलगा अजून शिकतोय. हे खरं होतं. आणि मग मी ते सांगितलं ज्यासाठी त्याला कातळावरून ओढत आणलं होतं. "तारीख रिकामी ठेव. लग्न होईपर्यंत तो माझ्या कपाटात राहील. लग्नानंतरच्या सोमवारी मी स्वतः तारीख घालतो. अध्यक्षांची फुलं येतील, विभाग येईल, मी येईन. तुझं काही जात नाही, मला फक्त दाखवायला कागद मिळतो."

"लग्नानंतर?"

"लग्नानंतर."

"डोंगरावर सांगतोयस हे?"

"डोंगरावर सांगतोय," मी म्हणालो.

तेवढं त्याला पुरलं. बावीस वर्षांत इथे आम्ही एकमेकांना कधी फसवलं नव्हतं. इथे आमच्यात फसवण्यासारखं काही नव्हतंच. त्याने सही केली. मी शाईची डबी पुढे केली तेव्हा मात्र तो थबकला. डबीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. शाई मी घरून आणली आहे हे त्याला कळलं. तरीही अंगठा बुडवून त्याने कागदावर टेकवला, नीट दाबून धरला, सोडताना फाटू नये म्हणून कागद दुसऱ्या हाताने धरला. कामात तो कायमच काळजी घेणारा होता.

मग त्याने माझ्यासाठी अंडं सोललं. लाल अंगठा त्याने कातळावर घासला होता, पण पुरता गेला नव्हता. पांढऱ्या अंड्यावर लाल डाग उमटला. त्याने तो पाहिला नाही. मी पाहिला. मीठ लावून अंडं खाऊन टाकलं.

उतरताना आम्ही पायऱ्यांनी आलो. तो एक एक पायरी आडवा होऊन उतरत होता आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, आलंच, पाच मिनिटं. पायथ्याशी बुटांची धूळ उडवायला हवेच्या नळ्या लावलेल्या आहेत. त्याने नळी घेतली आणि नेहमीसारखी आधी माझ्या बुटांवर धरली.

सोमवारी मेंग साहेबांनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, तारीख राहिलीय. पेन त्यांनीच पुढे केलं. त्या क्षणी मी दोन वाक्यं बोलू शकलो असतो. पाच आठवड्यांनी कंपनीचं काही अडणार नव्हतं, कदाचित त्यांनी ऐकलंही असतं. पण ऐकलं नसतं तर त्यांना वाटलं असतं की मी मऊ आहे, आणि मला तसं वाटू द्यायचं नव्हतं. मी त्या दिवसाची तारीख घातली. माझ्या अक्षरात.

बुधवारी मुन्शिकचं कार्ड दाराशी चाललं नाही. तो अर्धा तास खाली उभा होता, यंत्र बिघडलंय असं समजून पहारेकऱ्याला "होईल, पाच मिनिटांत होईल" असं सांगत. मग कोणीतरी एका खोक्यात त्याचे बूट आणि पाण्याचा पेला भरून खाली नेऊन दिले. मी वरच्या खिडकीतून पाहिलं. त्याने वर पाहिलं नाही. फोन केला नाही. पत्र लिहिलं नाही. मी तयार करून ठेवलेली उत्तरं तशीच राहिली.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी मी घरी झोपून राहिलो. विभागात मी कोणाला जाऊ नका असं म्हटलं नव्हतं. फक्त शुक्रवारी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, उद्या मी काही जात नाहीये. आमच्याकडे एवढं पुरतं. हिशेब विभागातली एक मुलगी तेवढी गेली. ती बोरामच्या वर्गातली, आणि माझ्या हाताखालची नव्हे. सोमवारी जिन्यात भेटली आणि वाकून म्हणाली, "साहेब, तुम्ही पाठवलेली फुलं सुंदर होती. मुलीकडचा तेवढा एकच मनोरा होता, पण सगळ्यात उंच. अगदी दारातच ठेवला होता त्यांनी."

मी विचारलं, फितीवर काय लिहिलं होतं.

"तुमचंच नाव. विभागप्रमुख ह्योन जोंगदे. खाली लिहिलं होतं, मित्राच्या मुलीला."

मी फुलं पाठवली नव्हती. जिन्यातच उभा राहिलो. फूलवाल्याच्या दुकानात जाऊन माझं नाव नीट स्पेलिंगसह, हुद्द्यासह लिहून देणारा मुन्शिक मला दिसत होता. व्याही बघतील म्हणून त्याने भिंत झाकली होती, आणि झाकायला त्याच्याजवळ माझ्याखेरीज दुसऱ्या कोणाचं नाव नव्हतं. त्यानंतर वर्षभर मी डोंगरावर गेलो नाही.

पुढच्याच्या पुढच्या वसंतात मेंग साहेबांनी मला बोलावलं. मला कुठेही चढावं लागलं नाही. त्यांच्या खोलीत, थंड चहासमोर, अकरा मिनिटांत सही झाली. तारीख त्यांनी आधीच घालून ठेवली होती. घरी मी सांगितलं नाही. सकाळी सात वाजता ऑफिसचे कपडे घालून निघायचो, स्टेशनवरच्या कपाटात ते ठेवून डोंगराचे घालायचो आणि बसने उत्तरेला जायचो. माझ्यासारखे तिथे पुष्कळ होते. मंगळवारी सकाळी दहा वाजता पन्नाशीतला पुरुष एकटा डोंगर चढत असला की त्याला काय झालंय हे कोणी विचारत नाही.

त्या दिवशी झऱ्यावर पोचलो तेव्हा मला धाप लागली होती. वय झालं होतं आणि नाश्ता केला नव्हता. वाडग्याने पाणी घेत होतो तेवढ्यात डावीकडच्या कातळाच्या वाटेने पोपटी जाकीट उतरताना दिसलं. मुन्शिक बारीक झाला होता. काठी नव्हती. गुडघ्याला पट्टा होता, पण पाय सरळ पडत होता. माझ्या पुढे दोन म्हाताऱ्या बायका दम खात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, आणि त्याने पाठीवरची पिशवी पुढे घेऊन दोघींना एक एक काकडी दिली.

"आलंच आजी. पाच मिनिटं. इतक्या लांब आलात, आता काय."

त्या हसत हसत निघाल्या. मग तो माझ्यासमोर आला. त्याने मला ओळखलं, हे मला त्याच्या हातावरून कळलं. पिशवीत गेलेला हात रिकामाच बाहेर आला.

माफी मागायची तर सुरुवात कुठून करायची, लग्नापासून की शाईच्या डबीपासून. डोंगरावर अनोळखी माणूस जे विचारतो तेच मी विचारलं. "अजून किती राहिलंय रे?"

मला ती पाच मिनिटंच ऐकायची होती. त्याने ती कुत्र्यामांजरालाही दिली असती. अख्ख्या देशात ती त्याने कोणाला नाकारली नव्हती.

त्याने घड्याळ पाहिलं. मान किंचित वाकवली, ऑफिसात वाकवायचा तितकी.

"एक तास चाळीस मिनिटं, साहेब," तो म्हणाला आणि खाली निघून गेला.

मी घड्याळ लावून चढलो. तेवढीच लागली.